अण्णांचं व्हिटॅमिन डी नऊ आलंय, मग साठ हजारची पुडी रोज द्यायची का?

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या पुड्या थांबवा. हे वाचताय तेव्हा सकाळ असेल आणि अण्णांच्या दुधात आजची पुडी अजून पडली नसेल तर ती टाकू नका, आणि पडली असेल तर घाबरू नका, पण हॉस्पिटलच्या डे केअरला फोन करून सिस्टरना सांगा की डॉक्टरांनी आठवड्याला एक लिहिली होती आणि आमच्याकडून रोज गेली, आत्तापर्यंत इतक्या झाल्या. आकडा नेमका सांगा. रिकामी पाकिटं डस्टबिनमध्ये असतील तर काढून मोजा.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ताई कराडजवळच्या आहेत, त्यांचे सासरे ६६ वर्षांचे, जन्मभर शेती केलेले, माळकरी. वर्षभर कंबर दुखते म्हणून वयाचं दुखणं समजून गोळ्या चालल्या होत्या, मग मणका दबल्याचं एक्सरेत दिसलं आणि पुढच्या तपासण्यांत मल्टिपल मायलोमा निघाला, म्हणजे बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. आता आठवड्याला बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल आणि डेक्सा हे स्टेरॉइड सुरू आहे. व्हिटॅमिन डी ९ आलं म्हणून डॉक्टरांनी साठ हजार युनिट डीची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, अशी लिहून दिली. मग पुण्याहून धाकटे दीर आले, त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं की डी भरपूर दिलं की इम्युनिटी वाढते आणि ब्लड कॅन्सर मागे हटतो, येताना तीस पुड्या घेऊन आले, आणि शनिवारपासून रोज एक चालू आहे, म्हणजे पत्र लिहिलं त्या दिवशी पाच झाल्या होत्या. ताईंनी विचारलंय की हे बरोबर आहे का, उन्हात राबलेल्या माणसाला डी कमी कसं, आणि शेवटी अगदी बारीक अक्षरात, आमच्याच काळजीत काही कमी पडलं म्हणून हे झालं का.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीच्या खिडकीमागे काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं कॅन्सरच्या ओपीडीच्या खिडकीवर, त्यामुळे औषध घरी गेल्यावर त्याचं काय काय होतं ते मला जवळून माहितीये. आणि साठ हजारच्या पुडीइतकी चुकीची घेतली जाणारी गोष्ट मी दुसरी बघितली नाही. दोष पेशंटचाही नसतो हो, आपल्याला सवयच अशी की गोळी म्हणजे रोजची, सकाळ संध्याकाळ, आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध असतं हेच डोक्यात बसत नाही. एक आजी गुडघेदुखीसाठी लिहून दिलेल्या पुड्या दीड महिना रोज घेत होत्या, संपल्या म्हणून पुन्हा न्यायला आल्या तेव्हा मी सहज विचारलं की आजी कशा घेता, तर म्हणाल्या रोज रात्री दुधातून, चव बरी लागते. सोबतची नात म्हणत होती की हल्ली आजीला सारखी तहान लागते, रात्री चारपाच वेळा उठतात आणि पोट साफ होत नाही. मी पुड्या दिल्या नाहीत, तसंच डॉक्टरांकडे परत पाठवलं. कॅल्शियम १३ च्या वर आलं, नॉर्मल साधारण साडेआठ ते साडेदहा असतं, आणि त्यांना आठवडाभर ॲडमिट राहावं लागलं. त्यांना कॅन्सर नव्हता, किडन्या चांगल्या होत्या, तरी ही गत.

हिशोब बघा म्हणजे भाऊजींनाही दाखवता येईल. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी व्हिटॅमिन डीची रोजची गरज ६०० युनिट धरलीये. पुडीत आहेत ६०,०००. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी. डॉक्टर आठवड्याला एक देतात ते शरीराचं कोठार रिकामं आहे म्हणून आधी भरून घ्यायला, आणि तेही मोजके आठवडे, मग कमी डोसवर आणतात. भाऊजींच्या हिशोबाने महिनाभर गेलं असतं तर झाले असते १८ लाख युनिट. डी हे चरबीत साठणारं व्हिटॅमिन आहे, बी किंवा सी सारखं जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून थांबवल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं. पत्र लिहीपर्यंतच्या पाच पुड्यांचे तीन लाख झाले. तीन लाख, सहा लाखांची इंजेक्शनं आपल्याकडे एका वेळी दिली गेलेली आहेत, तेव्हा लगेच आभाळ कोसळलं असं समजू नका. पण ते ज्यांना देतात त्यांना मायलोमा नसतो.

आणि सगळी मेख इथेच आहे. मायलोमात ती बिघडलेली पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव आणते, हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं, आणि हाच आजार किडनीवरही जातो, म्हणजे एकीकडे कॅल्शियम वाढायला कारण तयार आणि दुसरीकडे ते बाहेर टाकणारी किडनी दमलेली. त्यात वरून डीचा मारा केला तर आतड्यातूनही कॅल्शियम जास्त ओढलं जाणार. कॅल्शियम चढलं की काय होतं ते त्या आजींचं सांगितलंच, तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, आणि पुढे गुंगी, असंबद्ध बोलणं. आता अवघड भाग असा की अण्णांना दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकतं, बोर्टेझोमिबनेही होतं, डेक्साने रात्रीची झोप उडून दिवसा पेंगायला होतं, त्यामुळे घरात सगळे म्हणणार केमोमुळेच आहे, आणि कॅल्शियमकडे कोणाचं लक्षच जाणार नाही. म्हणून यावेळी कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनीन (किडनीचा आकडा) तिन्ही बघायला सांगा. अल्ब्युमिन यासाठी की मायलोमात ते बऱ्याचदा कमी असतं आणि मग नुसता कॅल्शियमचा आकडा फसवा येतो, डॉक्टर दोन्ही धरून हिशोब करतात.

मग डी द्यायचंच नाही का? द्यायचंय, डॉक्टरांनी उगाच नाही लिहिलं. २० च्या खाली म्हणजे कमतरता, आणि ९ म्हणजे चांगलीच. अण्णांना महिन्याला ते हाडांचं इंजेक्शन सांगितलंय ना, झोलेड्रोनिक ॲसिड, सलाईनमधून देतात ते, त्याचं काम हाडाची झीज थांबवायची. पण डी इतकं कमी असताना ते दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं, बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, पेटके येतात. म्हणून आधी डी भरून घ्यायचं. डेक्सासारख्या स्टेरॉइडने हाडं आणखी पातळ होतात, तिथेही डी लागतं. म्हणजे अण्णांच्या उपचारात डीचं काम आहेच, पण ते काम हाडांचं आहे. (त्या इंजेक्शनवरून आठवलं, अण्णांचे दात आधी दाखवून घ्या, आणि ते चालू असताना दाढ काढायची वेळ आली तर डेंटिस्टला आधी इंजेक्शनबद्दल सांगा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास होऊ शकतो. मिश्री लावत असतील तर तीही सोडवा.)

आता इम्युनिटीचं. भाऊजी म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, आणि तुम्ही त्यांना तसं म्हणूही नका. आपल्या शरीरातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी, ज्या जंतू गिळतात, त्यांना डी लागतं. २००६ साली टीबीच्या जंतूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जंतूची चाहूल लागली की ही पेशी रक्तातलं साठ्याचं डी घेऊन आपल्याआपणच कामाचं डी बनवते, किडनीची वाट बघत नाही, आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतूनाशक तयार करते. साठाच कमी असेल तर ते नीट बनत नाही. पण हेच डी दुसऱ्या बाजूला इम्युनिटीच्याच टी पेशींना शांत करायचंही काम करतं, उगाच आग भडकू देत नाही. म्हणजे डीचं काम इम्युनिटी ताळ्यावर ठेवायचं, नुसती वाढवायची असं नाही, आणि कोठार भरल्यावर आणखी ओतलं तर आणखी फायदा असंही नाही. साध्या सर्दीखोकल्यापासून डीने थोडं संरक्षण मिळतं असं २०१७ मध्ये बऱ्याच ट्रायल एकत्र करून दिसलं होतं, ते सुद्धा रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेणाऱ्यांत, एकदम मोठे डोस घेणाऱ्यांत नाही. २०२५ साली आणखी ट्रायल मिळवून तोच हिशोब पुन्हा केला तेव्हा तो थोडा फायदाही ठामपणे सांगता येईना.

कॅन्सरवर डी हे कुठून आलं तेही सांगते, कारण ते हवेतून आलेलं नाही. १९८१ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत दिसलं की उंदराच्या ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरच्या) पेशींवर डीचं सक्रिय रूप, म्हणजे तेच कामाचं डी, टाकलं की त्या पेशी मोठ्या होऊन साध्या पेशींसारख्या वागायला लागतात. केवढी आशा वाटली असेल तेव्हा! पण माणसात तितका डोस द्यायला गेलं की कॅल्शियम आधी चढतं, आणि गाडी तिथेच अडते. नंतर लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशंटमध्ये असं दिसलं की ज्यांचं डी सुरुवातीला कमी होतं त्यांचं पुढे जास्त वाईट झालं. व्हिडिओवाले इथेच थांबतात. पण ताई, विचार करा, जो माणूस जास्त आजारी आहे तो घराबाहेर कमी पडतो, जेवतो कमी, त्याचं डी कमी असणारच, मग डी कमी म्हणून आजार वाढला की आजार वाढलेला म्हणून डी कमी? हे सोडवायचा एकच मार्ग, निम्म्यांना डी द्यायचं, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. अमेरिकेत हळू वाढणाऱ्या लिम्फोमाच्या पेशंटवर हे केलं, रिटुक्सिमॅब या लिम्फोमाच्या औषधासोबत रोज २००० युनिट, आणि २०२३ मध्ये निकाल आला की आजार आटोक्यात राहण्यात फरक पडला नाही. त्याआधी २०१८ मध्ये पंचवीस हजारांवर निरोगी लोकांच्या व्हायटल ट्रायलमध्ये रोज २००० युनिटने कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं. ट्रायल सोडा, काही लिम्फोमा तर स्वतःच सक्रिय डी बनवतात आणि त्यानेच पेशंटचं कॅल्शियम चढतं, अशा माणसाला कोणी प्रेमाने पुड्या दिल्या तर काय होईल!

अण्णांची इम्युनिटी कमी आहे हे मात्र खरंच आहे, पण तिचं कारण वेगळं. बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी एकाच साच्याची निकामी प्रथिनं काढत बसतात, चांगल्या अँटिबॉडी कमी पडतात, वरून उपचाराने पांढऱ्या पेशींचा काउंट उतरतो. ही पोकळी डीने भरत नाही. ती सांभाळायला दुसऱ्या गोष्टी आहेत आणि त्या तुमच्या हातात आहेत. बोर्टेझोमिब चालू असताना नागीण उठायची भीती असते म्हणून असायक्लोव्हिरची गोळी देतात, ती फाईलमध्ये असेल तर एक दिवसही चुकवू नका, नसेल तर विचारा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची ते विचारा. आणि घरात चालू थर्मामीटर हवा, दोन हवेत खरं तर, एक नेमका वेळेला बंद पडतो. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर दिसला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असला तरी फोन करून निघायचं, काउंट कमी असताना काही तासांत इन्फेक्शन रक्तभर पसरतं. डेक्साच्या दिवसांत ताप झाकलाही जातो, तेव्हा थंडी वाजली, माणूस एकदम गळून गेला, तरी तेच. मी खिडकीवर बसून हेच बघत आले की लोक इम्युनिटीच्या पावडरींवर हजारो घालवतात आणि घरात शंभर दोनशेचा थर्मामीटर नसतो, फार जीव तुटतो.

उन्हाचं विचारलंत. जन्मभर शेतात असलेल्या माणसाला डी कमी कसं, हा प्रश्न अगदी बरोबर आहे. आता अण्णा डोळ्यांसमोर आणा, डोक्याला टोपी नाहीतर पटका, पूर्ण बाह्यांचा सदरा, खाली धोतर, ऊन अंगाला लागतं ते चेहरा आणि मनगटापुढचे हात एवढ्यालाच. आपली त्वचा सावळी, तिला डी बनवायला ऊन जास्त वेळ लागतं, साठीनंतर त्वचेची ती ताकदही उतरते. आणि गेलं वर्षभर तर ते कंबर धरून ओसरीतच होते ना. माळकरी असल्याने अंडं, बांगडा, तारली नाही, म्हणजे डी ज्यात जरा बरं असतं ते सगळं वर्ज्य, आणि ते तसंच राहू द्या, या वयात माळ काढायला लावून आकडा वाढणार नाही तेवढी उमेद खचेल. पिशवीच्या दुधावर +एफचं चिन्ह असेल तर त्यात थोडं डी घातलेलं असतं, तेवढं बघा. पुडीऐवजी कॅप्सूल आणणार असाल तर तिचं वरचं कवच बऱ्याचदा जिलेटीनचं असतं हे अण्णांना नंतर कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

शेजारच्यांनी सांगितलेलं सकाळी सातचं कोवळं ऊन अण्णांना खुशाल घेऊ द्या, अंगणात बसून चहा घेतला, चार माणसं दिसली, त्याने जिवाला बरं वाटतं. डी मात्र त्यातून मिळत नाही, कारण ज्या किरणांनी ते बनतं ते तिरप्या उन्हातून खाली पोचतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते तेव्हाचं ऊन त्या कामाचं, म्हणजे साधारण अकरा ते दोन, आणि काचेच्या खिडकीतून आलेलं तर अजिबातच नाही. पण म्हणून अण्णांना दुपारच्या रखरखीत उन्हात बसवू नका. त्यांना पाणी कमी पडणं किडनीला परवडणारं नाही. शिवाय काही औषधांनी कातडी उन्हाला नाजूक होते, बुरशीसाठी देतात ते व्होरिकोनाझोल किंवा मेथोट्रेक्झेट चालू असलेल्या पेशंटनी आणि दुसऱ्याच्या स्टेम सेल घेऊन ट्रान्सप्लांट झालेल्यांनी तर उन्हापासून लांबच राहायचं असतं. अण्णांचं डी पुडीने भरू द्या, ऊन आनंदासाठी.

पुडी द्यायची रीतही सांगते, डॉक्टरांनी पुन्हा सुरू करा म्हटल्यावरच. वार ठरवा, समजा सोमवार, जेवण झाल्यावर अर्धा कप दुधात टाकून ढवळून द्यायची, तळाला कण राहतात तेव्हा आणखी दोन घोट दूध घालून विसळून तेही प्यायला द्या. लगेच कालनिर्णयवर त्या चौकोनात फुली. फुली एकाच माणसाने करायची, नाहीतर सासूबाईंनी दिली का तुम्ही दिली यात दोनदा जाते. वरून कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत, बीपीची पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू असेल तर तेही सांगा कारण त्यातल्या काहींनी कॅल्शियम वाढतं. आणि मेडिकलमधून दुखण्याच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आता पूर्ण बंद, मायलोमात त्या किडनीला फार घातक, दुखलं तर ओपीडीतून लिहून घ्या. ग्रीन टी कोणी सुरू केला असेल तर तोही थांबवा, त्यातला एक घटक बोर्टेझोमिबचं काम अडवतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. काढे, चूर्ण काहीही असो, डबा घेऊनच ओपीडीत जा.

भाऊजींबद्दल. ते चुकीचं वागले पण मायेने वागले, लांब राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तीस पुड्या हे त्याला करता येण्यासारखं वाटलं. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना काम द्या. अण्णांचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका वहीत उतरवायचे, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, कॅल्शियम, क्रिएटिनीन, लाईट चेन (मायलोमाच्या प्रथिनाचा आकडा), प्रत्येक वेळचे आकडे शेजारी शेजारी. ओपीडीत डॉक्टरांना मिळतात पाच मिनिटं, अशी वही पुढे आली तर त्या पाच मिनिटांत जे दिसतं ते सुट्या कागदांत दिसत नाही. हे पुण्यात बसूनही करता येईल, फोटो पाठवले की झालं.

आणि ते शेवटचं, बारीक अक्षरातलं. नाही ताई. तुम्ही दूध कमी दिलं, ऊन दिलं नाही म्हणून मायलोमा झाला असं काही नाही. तो कशाने होतो याचं एका कोणाकडे बोट दाखवता येईल असं कारण सापडलेलं नाही, डी कमी असलेली माणसं आपल्या देशात घरोघरी आहेत आणि त्यांना हा आजार होत नाही. कंबरदुखीत वर्ष गेलं याचंही स्वतःला लावून घेऊ नका, साठी उलटलेल्या शेतकऱ्याची कंबर दुखते यात कोणालाच वेगळं काही वाटत नाही, डॉक्टरांनाही पहिल्यांदा वाटत नाही. तुम्ही त्या पाच दिवसांत अस्वस्थ झालात, कोणाला तरी विचारावं असं तुम्हाला वाटलं, घरात बाकी कोणाला वाटलं नाही.

पुढच्या इंजेक्शनला गुरुवारी जाणार म्हणालात. ती सगळी रिकामी पाकिटं आणि उरलेल्या सगळ्या पुड्या पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. गुरुवारच्या आधी अण्णांची गुंगी वाढली, उलट्या लागल्या किंवा बोलणं भलतंच वाटलं तर गुरुवारची वाट न बघता निघा. कॅल्शियमचा आकडा आला की मला दोन ओळी लिहा, मी वाट बघतेय.